योआखिमस्टाल : डॉलरचें जन्मगांव

डॉलर हें अमेरिकेचें नाणें, ही गोष्ट शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असते. परंतु त्याचें नांव मात्र अमेरिकेंत जन्मलेलें नाहीं. तें जन्मलें मध्य युरोपांत, बोहेमियाच्या एका अरुंद डोंगरी खोऱ्यांत. आणि ज्या गांवावरून तें पडलें त्या गांवाची वस्ती आज अडीच हजारांच्या आसपास आहे. गांवाचें जर्मन नांव योआखिमस्टाल, चेक नांव याखिमोव. ‘टाल’ म्हणजे खोरें. संत योआखिमचें खोरें तें योआखिमस्टाल. तेथें पाडलेल्या रुप्याच्या जाड नाण्याला लोक ‘योआखिमस्टालर’ म्हणूं लागले. एवढा लांबलचक शब्द भर बाजारांत कोण उच्चारणार? त्याचें डोकें उडालें व ‘टालर’ एवढी शेपटी तेवढी उरली. हीच शेपटी डच व्यापाऱ्यांच्या तोंडीं ‘दालडर’ आणि इंग्रजांच्या तोंडीं ‘डॉलर’ झाली. अमेरिकेंतील वसाहतवाले स्पेनच्या रुप्याच्या नाण्यालाहि डॉलरच म्हणत असत. तेव्हां स्वतंत्र झाल्यावर १७८५ सालीं त्यांच्या काँग्रेसनें आपल्या चलनासाठीं तोच शब्द पत्करला यांत नवल नाहीं.

डॉलरची ही कुळकथा शब्दकोशांत चार ओळींत सांगून होते आणि तेथेंच ती संपते. परंतु ज्या खोऱ्यानें जगाला हें नांव दिलें त्याचें पुढें काय झालें, आणि मुळांत तें रुपें जमिनीच्या पोटांतून वर कोणीं आणलें, ही हकीकत नाण्याच्या हकीकतीपेक्षां मोठी आहे. एकाच डोंगरांतून सुमारें साडेचारशें वर्षांत प्रथम रुपें, मग कांचेला द्यावयाचा रंग, मग रेडियम आणि शेवटीं अणुबाँबचें द्रव्य निघालें. दर वेळीं माल दूरच्या राजधान्यांकडे गेला. त्याची किंमत मात्र खोऱ्यांतच चुकती झाली, आणि ती पैशांत नव्हे.

गरम पाण्याच्या झऱ्यांसाठीं नांवाजलेलें कार्लोवी व्हारी, म्हणजेच जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतील कार्ल्सबाड, येथून सुमारें वीस किलोमीटर उत्तरेस गेलें कीं याखिमोव लागतें. सपाटी संपते, दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि स्प्रूसच्या काळसर सूचिपर्णी झाडांचें रान सुरूं होतें. या पर्वतराजीला जर्मन भाषेंत ‘एर्त्सगेबिर्ग’ म्हणजे ‘खनिजाचे डोंगर’ म्हणतात. पण खनिज सांपडण्याच्या कितीतरी आधीं, सुमारें हजार वर्षांपूर्वीं, इतिवृत्तकारांना हा प्रदेश ‘मिरिक्विडी’ या नांवानें माहीत होता. त्याचा अर्थ काळें रान. पुढें कुऱ्हाड चालली तेव्हां रान मागें हटलें आणि नांवहि पुसलें गेलें. बोहेमिया आणि सॅक्सनी यांची सरहद्द याच रांगेच्या माथ्यावरून जाते. १२४४ मीटर उंचीचें क्लिनोवेत्स हें तिचें सर्वांत उंच शिखर याखिमोवच्या डोक्यावरच उभें आहे. गांव मात्र खालीं, खोऱ्याच्या घळईंत, एका चढत्या रस्त्याच्या दोहों बाजूंस लांबच लांब पसरलेलें. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशीं एखादें खेडें रस्त्याला धरून वसावें तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें त्या रस्त्यावर टांकसाळ आहे, भव्य देऊळ आहे आणि एखाद्या राजधानीला शोभावें असें नगरभवन आहे.

१५१६ पूर्वीं येथें कोनराड्सग्र्यून नांवाचें ओसाड पडलेलें खेडें होतें. डोंगरापलीकडे सॅक्सनींत रुप्याच्या खाणी आधींच सुरूं झाल्या होत्या आणि तेथील आन्नाबर्ग शहर भरभराटीस आलें होतें. तें शहर संत आन्ना हिच्या नांवाचें. ती येशूची आजी. म्हणून अलीकडच्या उतारावर रुप्याच्या शिरा लागतांच नव्या वस्तीला तिच्या पतीचें, योआखिमचें, नांव देण्यांत आलें. या मुलखाचा धनी श्टेफान श्लिक नांवाचा सरदार होता. बातमी पसरतांच सॅक्सनींतून खाणकामगार लोंढ्यानें आले. जेथें कोल्हेकुई ऐकूं यावी तेथें वीस वर्षांच्या आंत सुमारें अठरा हजार वस्तीचें शहर उभें राहिलें. त्या वेळीं बोहेमियाच्या राज्यांत याहून मोठें शहर एकच होतें, तें म्हणजे राजधानी प्राग. खाणीचें भांडवल हिश्शांनीं उभें राही. एका खाणीचे बहुधा १२८ हिस्से पाडीत, आणि ते न्युरेंबर्ग, लाइप्झिग अशा दूरच्या शहरांतील सावकार विकत घेत. खाणींत रुपें लागलें तर हिस्सेदाराला नफा. न लागलें तर उलट त्यालाच पदरचे पैसे भरावे लागत. अर्थात् ज्यानें आयुष्यांत कधीं खाणीचें तोंड पाहिलें नाहीं अशा मनुष्याला खाणीच्या जिवावर गबर होतां यावें, ही युक्ति तेव्हांपासूनची आहे.

निघालेलें रुपें ढेपांच्या रूपानें विकण्यापेक्षां त्याचीं नाणीं पाडून विकण्यांत अधिक लाभ, हें श्लिक घराण्यानें ओळखलें. १५२० च्या जानेवारींत बोहेमियाच्या दरबारसभेनें त्यांना टांकसाळ चालविण्याची परवानगी दिली. ती येण्याआधींच नाणीं पडूं लागलीं होतीं असें मानतात. नाण्याच्या एका बाजूस संत योआखिम व श्लिकांचें कुलचिन्ह, दुसऱ्या बाजूस बोहेमियाचा सिंह व राजा लुई याचें नांव. वजन सुमारें एकोणतीस ग्रॅम. आपल्या जुन्या तोळ्याच्या हिशेबानें अडीच तोळ्यांच्या आसपास. सोन्याच्या एका गुल्डनइतकी किंमत रुप्यांत देतां यावी एवढ्यासाठीं हा आकार ठरला होता. असें मोठें रुप्याचें नाणें जगांत प्रथम येथेंच निघालें असें मात्र नव्हे. टिरोल प्रांतांत तें १४८६ सालींच निघालें होतें. पण टिरोलचीं नाणीं थोडीं आणि योआखिमस्टालचीं अपार. बाजारांत ज्याचा सुळसुळाट त्याचें नांव जनांत रूढ होतें. श्लिक स्वतः मात्र आपल्या नाण्याचा दिग्विजय पाहण्यास उरला नाहीं. १५२६ मध्यें मोहाचच्या रणांगणावर तुर्कांशीं लढतांना तो आणि त्याचा तरुण राजा लुई असे दोघेहि पडले. पुढें दोनच वर्षांनीं नव्या राजानें, हाप्सबर्ग घराण्यांतील फर्डिनांडनें, टांकसाळ आपल्या ताब्यांत घेतली. सोळाव्या शतकांतील त्या राजटांकसाळीची इमारत आज संग्रहालय म्हणून उभी आहे.

टालरच्या वंशविस्ताराची एक शाखा थेट मुंबईपर्यंत येते, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया टेरेसा हिच्या छापाचा टालर अरबस्तान व हबसाण या देशांत इतका विश्वासाचा झाला कीं, ती १७८० सालीं वारल्यावरहि त्यावर तेंच साल घालून तो पाडला जाऊं लागला. १९३५ मध्यें त्याचे ठसे इटलीनें मिळविले, तेव्हां इंग्रजांनीं आपले ठसे करून तो लंडनला पाडण्यास आरंभ केला; आणि दुसऱ्या महायुद्धांत, १९४०-४१ च्या सुमारास, पूर्व आफ्रिकेंतील गरज भागविण्यासाठीं तो मुंबईच्या टांकसाळींतहि पाडण्यांत आला. बोहेमियाच्या खोऱ्याचें नांव धारण करणारें, एका मृत सम्राज्ञीच्या मुखवट्याचें नाणें, मुंबईच्या फोर्टांत घडून हबसाणांत खर्चावें, हा योगायोग मोठा चमत्कारिक खरा.

परंतु नाण्याच्या इतिहासकारांची एक खोड अशी कीं ते खाणींत क्वचितच उतरतात. योआखिमस्टालचें सुदैव हें कीं तेथें एक असा मनुष्य येऊन राहिला जो खाणींतहि उतरला आणि ज्याला लिहितांहि येत होतें. १५२७ मध्यें जॉर्ज अग्रिकोला हा वैद्य नगरवैद्य म्हणून येथें आला. त्याचें मूळ आडनांव बावर, म्हणजे शेतकरी. विद्वानांच्या तेव्हांच्या रीतीप्रमाणें त्यानें त्याचें लॅटिन रूप केलें. नांवानें शेतकरी असलेल्या या गृहस्थानें खाणींवर असा ग्रंथ लिहिला कीं दोनशें वर्षें युरोपांतील खाणवाल्यांना दुसऱ्या ग्रंथाची जरुरी भासली नाहीं. रोग्यांना पाहून झालें कीं तो खाणींत व भट्ट्यांवर जाई, कामगारांना विचारी आणि टिपून ठेवी. तो येथें उणींपुरीं तीन-चार वर्षेंच होता; पण तेथें जमविलेल्या शिदोरीवर पुढें वीस वर्षें खपून त्यानें ‘दे रे मेटालिका’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्यें, बाझल येथें छापून निघाला. त्यांत जवळजवळ तीनशें लाकडी ठशांचीं चित्रें आहेत. पाणचक्कीवर चालणारे रहाट, माणूस आंत चालून फिरवावयाचीं चाकें, कातडी मोटा, हवा घालणारे भाते, शिडीवरून उतरणारा कामगार, हें सर्व त्यांत असें रेखाटलें आहे कीं एखाद्या सुतारानें चित्र पुढें ठेवून यंत्र उभें करावें. या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १९१२ मध्यें निघालें. भाषांतरकार होते हर्बर्ट हूव्हर नांवाचे खाण-इंजिनियर व त्यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर. हेच हूव्हर पुढें १९२९ मध्यें डॉलरच्या देशाचे अध्यक्ष झाले.

ग्रंथांत अग्रिकोलानें खाणींच्या विरोधकांचें म्हणणेंहि लपविलेलें नाहीं. रानें तोडलीं जातात, पशुपक्षी नाहींसे होतात, धातु धुतलेलें पाणी ओढ्यांना मिळून मासे मरतात, हे आक्षेप तो मांडतो आणि मग त्यांना उत्तरें देतो. उत्तरें वाचून वाचकाचें समाधान होतेंच असें नाहीं. कारण योआखिमस्टालच्या भोंवतालचें काळें रान खरोखरीच भट्ट्यांत गेलें. खाणीच्या प्रत्येक बोगद्याला टेकू लाकडाचे, शिड्या लाकडाच्या, रहाट लाकडाचे, आणि धातु गाळण्यासाठीं कोळसाहि लाकडाचाच. रुपें जमिनींतून निघत होतें तें एका परीनें रानांतूनच निघत होतें. अग्रिकोला वैद्य असल्यामुळें दुसरीहि एक गोष्ट त्याच्या नजरेंतून सुटली नाहीं. खाणींतील कोरडी धूळ श्वासावाटें आंत जाते, फुप्फुसें कुजतात व शरीर झिजून माणूस मरतो, असें तो लिहितो. आणि कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या गांवीं अशा स्त्रिया आहेत कीं ज्यांचे एकामागून एक सात पति या रोगानें गेले, अशी नोंद करतो. साडेचारशें वर्षांपूर्वींच्या या एका नोंदींत या सर्व प्रदेशाचें भविष्य आलें आहे.

ही संपत्ति निमूटपणें निघाली असेंहि नाहीं. १५२५ मध्यें जर्मनींत शेतकऱ्यांचें बंड पेटलें तेव्हां योआखिमस्टालचे कामगारहि उठले व त्यांनीं नगरभवनावर चाल केली. शेवटीं तडजोड होऊन प्रकरण मिटलें. ज्या कामगाराच्या हातीं घण आहे आणि ज्याच्यावांचून टांकसाळ एक दिवस चालत नाहीं, त्याला बेड्या घालणें कोणत्याहि मालकाला परवडत नाहीं. पुढें विसाव्या शतकांत मात्र तोहि उपाय निघाला.

या धामधुमीच्या गांवांत एक चांगली शाळाहि होती. १५३२ मध्यें योहानेस माथेसिउस हा तेथील लॅटिन शाळेचा मुख्याध्यापक झाला. तो पुढें ल्यूथरच्या सहवासांत राहून आला आणि येथेंच धर्मोपदेशक झाला. त्याचे श्रोते खाणकामगार. तेव्हां त्यानें त्यांना खाणीच्या भाषेंतच धर्म सांगितला. बायबलांत जेथें जेथें सोनें, रुपें, लोखंड, कथील यांचा उल्लेख येतो तेथून तो आरंभ करी आणि धातु कसा सांपडतो, कसा गाळतात, हें सांगत सांगत परमेश्वरापर्यंत जाऊन पोंचे. हीं प्रवचनें १५६२ मध्यें ‘सारेप्टा’ नांवानें छापलीं गेलीं व आजहि खाणविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचा आधार घ्यावा लागतो. त्याचा सहकारी निकोलाउस हेरमान हा शाळेंतील गायनशिक्षक. त्यानें मुलांसाठीं रचलेलीं भजनें जर्मन देवळांत अजून म्हटलीं जातात. खाणी बुडाल्या, टांकसाळ बंद झाली, १८७३ च्या आगींत अर्धें गांव जळालें, परंतु त्या शाळेच्या ग्रंथालयांतील जुने ग्रंथ मात्र वांचले. पैसे पाडण्याच्या गांवीं शेवटीं पुस्तकें राहिलीं.

पन्नास वर्षांच्या आंत ओहोटी लागली. वरच्या थरांतील श्रीमंत शिरा संपल्या, खोल जावें तों पाणी लागे व खर्च वाढे, आणि त्यांतच १५४५ मध्यें दक्षिण अमेरिकेंत पोटोसीचा रुप्याचा डोंगर सांपडून युरोपांत रुप्याचा पूर आला. मग तीस वर्षांचें युद्ध आलें. त्यानंतर हाप्सबर्गांनीं प्रॉटेस्टंटांना कॅथलिक व्हा अथवा देश सोडा असें फर्मावलें, तेव्हां या डोंगरांतील पुष्कळ कामगार सरहद्द ओलांडून सॅक्सनींत गेले. अशा निर्वासितांनीं १६५४ मध्यें पलीकडच्या उतारावर योहानगेओर्गेनस्टाट हें नवें गांवच वसविलें. १६७१ मध्यें योआखिमस्टालची टांकसाळ बंद पडली.

खोल जातांना कामगारांना ठिकठिकाणीं एक काळा, डांबरासारखा चकाकणारा, विलक्षण जड दगड लागे. तो लागला कीं बहुधा रुप्याची शीर संपे. म्हणून त्याला ते ‘पेखब्लेंड’ म्हणत. ‘पेख’ म्हणजे डांबर, आणि जर्मन बोलींत ‘पेख’ म्हणजे दुर्दैवहि. हा दुर्दैवी दगड ते बाहेर आणून टाकून देत. त्याच पर्वतराजींतील या दगडांतून १७८९ मध्यें बर्लिनच्या क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञानें एक नवें मूलद्रव्य शोधून काढलें आणि आठच वर्षांपूर्वीं सांपडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम हें नांव दिलें. त्याचा उपयोग काय? कांचेला व चिनी मातीच्या भांड्यांना पिवळा-हिरवा रंग देणें. १८५० नंतरच्या काळांत योआखिमस्टालला या रंगाचा सरकारी कारखाना निघाला. दगड भाजून त्यांतून युरेनियम काढून घेत आणि उरलेला तपकिरी गाळ कारखान्यामागें झाडांखालीं ओतून देत. रुपें शोधणाऱ्यांनीं दगड टाकला. रंग करणाऱ्यांनीं दगडाचा गाळ टाकला.

हा गाळ कोणी मागेल असें कोणाला वाटलें असतें! १८९८ मध्यें पॅरिसला मेरी क्यूरी व त्यांचे पति पिएर यांना असें आढळून आलें कीं, पेखब्लेंडमधून निघणारे किरण त्यांतील युरेनियमच्या मानानें फारच प्रखर आहेत; तेव्हां त्यांत दुसरें कांहीं अज्ञात द्रव्य असलेंच पाहिजे. दगड विकत घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. परंतु तें अज्ञात द्रव्य युरेनियम नव्हे, तर युरेनियम काढून घेतल्यावर तें गाळांतच राहणार, असा त्यांनीं तर्क केला. व्हिएन्नाच्या विज्ञान-अकादमीचे भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनीं मध्यस्थी केली आणि ऑस्ट्रियाच्या सरकारनें सुमारें एक टन गाळ देऊं केला. पोतीं पॅरिसला येऊन पोंचलीं. तोंड सोडून पाहतात तों आंत तपकिरी माती, आणि तींत मिसळलेल्या बोहेमियाच्या रानांतील सुया, म्हणजे त्या सूचिपर्णी झाडांचीं वाळलेलीं पानें! गळक्या छपराच्या शेडमध्यें लोखंडी कांबीनें तो गाळ उकळत ढवळत, टनांमागून टन संपवून, १९०२ मध्यें मेरी क्यूरी यांनीं एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम-क्षार मिळविला. कर्करोगावरील उपचार, अणुगर्भाचें विज्ञान, किरणांचें शास्त्र, या सर्वांच्या मुळाशीं याखिमोवच्या झाडांखालचा हा केर आहे.

आतां खोऱ्याला दुसऱ्यांदा दैव उघडल्यासारखें झालें. काँगोंतील समृद्ध खनिजाचें रेडियम १९२२ च्या सुमारास बाजारांत येईपर्यंत योआखिमस्टालच्या रेडियमला मोठाच मान होता. खाणींतील पाण्यांतहि किरणोत्सर्ग असल्याचें आढळून १९०६ मध्यें स्नानगृहें सुरूं झालीं. १९१२ मध्यें ‘रेडियम पॅलेस’ नांवाचें राजेशाही हॉटेल उघडलें, आणि युरोपांतील संधिवाताचे श्रीमंत रोगी येऊं लागले. मेरी क्यूरी स्वतः १९२५ मध्यें येथें येऊन गेल्या. खोऱ्याच्या खालच्या टोंकाला रोगी गुडघे बरे करण्यासाठीं पाण्यांत बसत आणि वरच्या टोंकाला त्याच पाण्याच्या उगमाशीं काम करणारे कामगार चाळिशी-पन्नाशींत खोकून मरत.

हा रोग ‘डोंगराचा रोग’ म्हणून शतकानुशतकें माहीत होता व तो क्षयच समजला जाई. १८७९ मध्यें डोंगरापलीकडील श्नेबर्ग येथील हेर्टिंग व हेस्से या दोन वैद्यांनीं शवें तपासून दाखविलें कीं हा क्षय नसून फुप्फुसांतील दुर्धर गांठ आहे. योआखिमस्टालला तशी पद्धतशीर तपासणी होण्यास आणखी पन्नास वर्षें जावीं लागलीं. १९३२ मध्यें पिर्खान व शिक्ल या चेक वैद्यांनीं ती प्रसिद्ध केली. शवविच्छेदन केलेल्या कामगारांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या फुप्फुसांत कर्करोग निघाला होता. कारणाचा पुरा उलगडा तर १९५० नंतर झाला. युरेनियमपासून क्रमाक्रमानें रेडियम व रेडियमपासून रेडॉन हा वायु बनतो. तो खडकांतून झिरपून बोगद्याच्या कोंडलेल्या हवेंत सांचतो, आणि त्यापासून उत्पन्न होणारे किरणोत्सर्गी कण धुळीला चिकटून श्वासाबरोबर आंत जाऊन बसतात. अग्रिकोलानें धुळीला दोष दिला तो अगदींच चुकीचा नव्हता. धुळीच्या पाठीवर बसून कोण जातें तें तेवढें त्याला दिसणें शक्य नव्हतें.

१९३८ मध्यें म्यूनिकच्या करारानें हा सरहद्दीचा मुलूख हिटलरच्या हातीं गेला, आणि त्याबरोबर खाणीहि गेल्या. पुढल्या वर्षींच्या २ ऑगस्ट या तारखेचें, आइन्स्टाइनच्या सहीचें जें पत्र अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना गेलें त्यांत या खाणींचा उल्लेख आहे. ताब्यांत आलेल्या चेकोस्लोव्हाक खाणींतील युरेनियमची विक्री जर्मनीनें थांबविली आहे, ही गोष्ट त्यांत धोक्याची खूण म्हणून सांगितली होती. युद्ध संपलें. खोऱ्यांतील जर्मनभाषी लोक, ज्यांच्या पूर्वजांनीं हें गांव वसविलें, ते १९४५-४६ मध्यें जवळजवळ सर्व हाकलले गेले. घरें राहिलीं, त्यांतलीं आडनांवें गेलीं. १९४५ च्या नोव्हेंबरांत रशियाशीं करार होऊन युरेनियम तिकडे जाण्याचें ठरलें. रशियाला बाँबची घाई होती आणि या खाणींत स्वखुशीनें उतरण्यास माणसें पुरेशीं मिळेनात.

मग तो उपाय निघाला. आधीं जर्मन युद्धकैदी आणले; ते गेल्यावर १९४९ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट सरकारनें आपल्याच देशांतील कैदी आणले. खाणींच्या तोंडाशीं, रानांत, तारेच्या दुहेरी कुंपणांच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्यांचीं नांवें खाणींवरून पडलीं होतीं. स्वोर्नोस्त म्हणजे एकजूट, रोव्नोस्त म्हणजे समता, ब्रात्र्स्त्वी म्हणजे बंधुता. या नांवांची थट्टा वेगळी करण्याची जरूर नाहीं. चोर-दरोडेखोर थोडे, धर्मगुरु, शेतकरी, विद्यार्थी, युद्धांत हिटलरविरुद्ध लढलेले सैनिकी अधिकारी, असे हजारों राजकीय कैदी तेथें डांबले गेले. १९४९ सालीं जगज्जेता ठरलेला चेकोस्लोव्हाकियाचा बर्फावरील हॉकीचा संघ १९५० च्या मार्चमध्यें लंडनच्या सामन्यांना निघतांना अडविला गेला व त्यांतील खेळाडूंवर देशद्रोहाचे खटले भरले गेले. कांहींची रवानगी याच खाणींत झाली. त्यांतील गोलरक्षक बोहुमिल मोद्री १९५५ मध्यें सुटला खरा, पण युरेनियमच्या कामानें प्रकृति खालावून १९६३ मध्यें वारला. खालीं ओस्त्रोवजवळ एक लाल विटांचा मनोरा आहे. तेथें खनिज दळून, निवडून, पिंपांत भरून रशियाला रवाना करीत. कैदी तें काम साध्या कपड्यांत, तोंडावर कांहीं न घेतां करीत. त्या इमारतीला नांव पडलें तें ‘मृत्यूचा लाल मनोरा’. १५२५ चा कामगार काम टाकूं शकत होता, घण खांद्यावर टाकून दुसऱ्या खाणीकडे जाऊं शकत होता. म्हणून श्लिकांना त्याच्याशीं तडजोड करावी लागली. १९५० च्या कामगाराला यांपैकीं कांहींच मोकळें नव्हतें.

छावण्या १९६१ पर्यंत टिकल्या, युरेनियमची खाणकामें १९६४ मध्यें संपलीं. २०१९ मध्यें युनेस्कोनें सॅक्सनी व बोहेमिया यांच्या या खाणप्रदेशास जागतिक वारशांत स्थान दिलें. एकंदर बावीस स्थळें. त्यांत याखिमोवचा परिसर आहे आणि तो लाल मनोराहि आहे. राजाची टांकसाळ आणि कैद्यांचा मनोरा एकाच यादींत घातले गेले, हें त्या यादी करणाऱ्यांनीं फार चांगलें केलें.

आज प्रवासी गांवांतून चढत स्वोर्नोस्त खाणीशीं येतो, तेथून रानांत शिरणारी पायवाट आहे. चेक लोकांनीं तिला ‘याखिमोवचा नरक’ असें नांव दिलें आहे. एकामागून एक छावण्यांच्या जागा लागतात. बराकी राहिलेल्या नाहींत. गवतांत बुडालेले दगडी पाये दिसतात. दोन्ही बाजूंस लहान टेकड्यांसारखे उंचवटे आहेत, ते खाणींतून उपसलेल्या दगडांचे ढीग. त्यांवर आतां झाडें उगवलीं आहेत, आणि माहीत नसलेल्याला तो डोंगरच वाटावा. १९७० ते ९० च्या दरम्यान या पर्वतराजींतील रानावर आणखी एक संकट आलें होतें. पायथ्याच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुरानें मैलच्या मैल झाडें उभ्याउभ्या वाळून गेलीं. धूर आवरल्यावर पुन्हां लागवड झाली. तेव्हां आज जें हिरवें दिसतें त्यांतील पुष्कळसें रान वयानें प्रवाशापेक्षां लहान आहे.

स्वोर्नोस्त खाण १५१८ मध्यें सुरूं झाली, आणि ती अजून चालू आहे. तिच्यांतून आतां दगड निघत नाहीं, पाणी निघतें. १८६४ मध्यें रुप्याच्या आशेनें खोल जात असतां सुमारें पांचशें मीटर खालीं एक झरा फुटला व त्यानें खाण बुडविली होती. तेंच रेडॉनयुक्त पाणी आज नळांनीं खालच्या स्नानगृहांत जातें. ज्या वायूनें कामगार मारले तोच अल्प प्रमाणांत सांधे बरे करतो, यावर वैद्यांचें एकमत नाहीं. मात्रेचा प्रश्न आहे असें म्हणणारे आहेत, आणि मात्रा अगदीं अल्प असली तरी ती नकोच असें म्हणणारेहि आहेत. रोगी मात्र येतात, ठराविक मिनिटें पाण्यांत पडून राहतात व परत जातात. ते नळ आणि ते पंप नीट चालावे म्हणून डोक्यावर दिवा बांधून खाणकामगार अजूनहि पाळण्यांत बसून खालीं उतरतात. पांचशें वर्षांपूर्वीं जें गांव अठरा हजारांचें होतें, त्यांतले हे शेवटचे कामगार.